पावसाळी जुन्नर आणि दहा ताव कागद

मी शिकवते त्या शाळेत आठ दिवसांची रजा मागितली तेव्हा मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जुन्नरला? भर श्रावणात? तिथं आहे तरी काय?"

"कागद," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांचं हसणं मला समजत होतं. पुण्यात हल्ली गिरणीचा कागद हवा तेवढा मिळतो, गुळगुळीत आणि पांढराशुभ्र. त्यासाठी चिखल तुडवत छप्पन्न मैल कोण जाईल? पण माझे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, हट्टाला पेटले होते. तात्यांनी चाळीस वर्षं कचेरीत नकला करण्याचं काम केलं. लोकांचे फैसले आणि खरेदीखतं उतरवून काढण्यात जन्म गेला. आता पेन्शनीत बसल्यावर ते एकच नक्कल स्वतःसाठी करत होते: माझ्या आईच्या ओव्यांची. आई शेवटच्या आजारात पडल्या पडल्या जे म्हणे, ते त्यांनी मिळेल त्या चिठोऱ्यावर टिपून ठेवलं होतं. ते सगळं जुन्नरी कागदावर, पोथीसारखं, ठळक अक्षरात उतरवायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. आई पिंपळवंडीची. तिच्या मुलखातलाच कागद हवा.

एकोणीस ओव्या राहिल्या आणि कागद संपला. त्यातच डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मोतीबिंदू दिवाळीनंतर काढू, पण खात्री देत नाही. एक डोळा आधीच्या शस्त्रक्रियेत गेलेला. राहिलेल्यातलं दिसणं महिन्यागणिक कमी होत होतं. तात्या म्हणाले, "दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर. मला आत्ता लिहायचंय."

लग्नानंतर दोन वर्षांतच मी माघारी आले, तेव्हापासून तात्यांपाशीच आहे. त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. निघालो.

जाणाऱ्यांसाठी आधी वाटेचं सांगते. पुण्याहून नाशिकच्या सडकेनं खेड, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे जुन्नर. कोरड्या दिवसांत टांगा दीड दिवसात पोचवतो, पावसात दोन दिवस धरा. टांग्याच्या ताडपत्रीवर विसंबू नका, घोंगडी जवळ ठेवा. एक जोड कपडे मेणकापडात गुंडाळून घ्या आणि ते काहीही झालं तरी मुक्कामापर्यंत उघडू नका. आलं आणि गूळ बरोबर असू द्या. आमचा टांगेवाला गेणूभाऊ तोंडाचा फार गोड होता, पण घोड्याशी बोलताना ती गोडी राहत नसे. पहिला मुक्काम मंचरला पडला. बाजारपेठेत बाजरीची गरम भाकरी आणि लसणीचा खर्डा मिळाला, आणि मंचरचं मला एवढंच आठवतं, कारण बाकी सगळं गाव पावसाच्या पडद्याआड होतं.

दुसऱ्या दिवशी कळंबला घोड नदी फुगलेली. पाणी उतरेपर्यंत दुपार तिथंच गेली. तात्या टांग्यात बसून नदीचा आवाज ऐकत होते. मी चिडले होते. अंगावरचं ओलं लुगडं, दाताखाली करकरणारी वाळू, आणि हे सगळं कशासाठी, तर कागदासाठी.

जुन्नरला दिवेलागणीला पोचलो. धर्मशाळेत उतरायचं असेल तर पूर्वेकडचा कोपरा मागून घ्या. पश्चिमेकडचे सगळे गळतात.

सकाळी उठून बाहेर पाहिलं तर शिवनेरी नव्हताच. गावाच्या डोक्यावर एवढा थोरला किल्ला, पण ढगांनी पुसून टाकला होता. जुन्नरला येणारे बहुतेक जण लेण्याद्रीच्या गणपतीला जातात. आम्हीही नवस म्हणून नाही, पण आलोच आहोत तर, असं ठरवलं होतं. कुकडीच्या काठापर्यंत गेलो. नदी गढूळ, दोन्ही थड्या धरून चाललेली. होडीवाल्यानं आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. तिथूनच हात जोडले आणि परतलो. तर, पावसात अडकलेल्या माणसानं जुन्नरला छपराखाली काय पाहावं, हे मला त्या पाच दिवसांत नीट कळलं, ते आता सांगते.

पहिलं ठिकाण शेठजींचं दुकान. बाजारपेठेत किराण्याचं दुकान असलेले हे मारवाडी जैन गृहस्थ, तीन पिढ्यांपासून जुन्नरकर आणि मराठी आपल्यासारखंच बोलणारे. कागदाची चौकशी करायला म्हणून गेलो. तात्यांनी कचेरीतल्या नम्रपणानं विचारलं, तर शेठजी म्हणाले, "कागद नंतर बघू. आधी बसा, कोरडे व्हा." आणि गल्ल्याखालचा एक लाकडी खण बाहेर ओढला.

आत जुनी नाणी होती. तांब्याची, शिशाची, हिरवी पडलेली. पहिल्या पावसांनी डोंगरउताराची माती वाहून गेली की शेतकऱ्यांना ही सापडतात आणि ते मीठ-मिरची घ्यायला येताना घेऊन येतात. शेठजी ती ठेवून घेतात. विकत नाहीत. कुणी पाहुणा आला की दाखवतात. पुण्यामुंबईच्या अजबखान्यात काचेपलीकडून बघावं लागतं, इथं हातात मिळतं. तात्यांनी एक नाणं घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग ठेवायचं सोडून अंगठ्यानं चाचपू लागले.

"हत्ती आहे," ते म्हणाले.

"बरोबर," शेठजी म्हणाले. "आणि दुसऱ्या बाजूला?"

"झाड? नाही... तीन टेकड्या."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी एकेक नाणं तात्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि दोघं तासभर अशा काही रंगात आले, की गिऱ्हाईकं ताटकळली. निघताना शेठजींनी कागदी मोहल्ल्यातल्या करीमभाईंचं नाव सांगितलं. "चांगला माणूस. पण आत्ता पावसात तो काही करेल असं वाटत नाही. आणि रात्रीच्या आधी, चार वाजेपर्यंत जेवायला या. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी नसते, तेवढं चालवून घ्या."

दुसऱ्या दिवशी करीमभाईंकडे गेलो. घरात शिरल्यावर वास येतो तो ओल्या तागाचा. जुनी गोणपाटं, दोर, रद्दी भिजवून, कुटून, धुऊन त्याचा लगदा करतात. जमिनीत एक हौद असतो, त्यात तो लगदा पाण्यात कालवलेला, पातळ ताकासारखा. कारागीर गवताच्या काड्यांची चाळण त्यात बुडवतो, अलगद वर उचलतो, हलवतो, आणि पाणी निथळलं की चाळणीवर ताव उरतो. मग ते ताव दगडाखाली दाबायचे, एकेक सोडवून ब्रशानं भिंतीला चिकटवायचे, वाळले की तांदळाची खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचे. हे सगळं करीमभाईंनी आम्हाला सांगितलं, पण सांगितलं फक्त. हौद कोरडा होता. चाळण भिंतीला टांगलेली.

"दसऱ्यानंतर या, पावणं," ते म्हणाले. "ह्या भिंतीला हात लावून बघा."

मी लावला. भिंत ओलसर, थंड.

"आता ताव लावला तर चार दिवसांत बुरशी. शिल्लक माल व्यापाऱ्यांनी दिवाळीच्या वह्यांसाठी आधीच उचललाय. तुमाला खोटं कशाला सांगू?"

"दसऱ्यानंतर मला दिसणार नाही," तात्या म्हणाले.

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला वाटलं कुणी उत्तर देऊच नये. करीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "आत्ता कागद न्हाई व्हायचा, तात्यासाहेब," ते म्हणाले. आम्ही उठलो.

धर्मशाळेत परत येताना माझा संयम सुटला. तात्यांचे पाय चिखलात रुतत होते, मी हात धरून ओढत होते, आणि मनातलं सगळं तोंडावर आलं. "आई रोज पहाटे दळायला बसायची तेव्हा तुम्ही मधलं दार लावून घ्यायचात. झोपमोड होते म्हणून. तेव्हा एक ओवी ऐकली नाहीत. आणि आता तिच्या ओव्यांसाठी ह्या पावसात..."

तात्या थांबले. पाऊस त्यांच्या पगडीवरून गालावर ओघळत होता.

"म्हणून तर," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी चूल पेटवायला बसले आणि धुरानं डोळ्यांना पाणी आलं, ते बरंच झालं.

तिसऱ्या दिवशी शेठजींच्या सांगण्यावरून गावाच्या पूर्वेला मैलभरावर असलेला सौदागर घुमट पाहायला गेलो. पावसात हे ठिकाण चुकवू नका. बाहेरून दगडावर बारीक कोरीवकाम, आत मात्र काही नाही, नुसती थडगी आणि डोक्यावर एक प्रचंड घुमट. आत शिरलो आणि बाहेर पाऊस असा कोसळला, की दोन तास निघता येईना. आमच्याबरोबर एक धनगर आणि त्याच्या सात-आठ शेळ्या अडकल्या होत्या. एक शेळी ओरडली की घुमट शंभर शेळ्यांसारखा ओरडे. धनगर हसून म्हणाला, "तुमीबी काय तरी म्हना की, राव. लई झ्याक वाजतंय."

तात्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, संस्कृत श्लोक म्हणतील. पण त्यांनी आईची ओवी म्हटली. म्हटली कसली, कचेरीत फैसला वाचावा तशी वाचली:

"कुकडीच्या पाण्या, नको धरूस तू जोर,
पल्याडल्या काठी माझं एकलं गं पोर."

घुमटानं ती घेतली, फिरवली, आणि आमच्याकडे परत पाठवली तेव्हा तिच्यातला कचेरीचा सूर गेलेला होता. तात्या मान वर करून, न दिसणाऱ्या छताकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले आणि ओल्या उपरण्याचं टोक पिळून दिलं. आमचा अबोला असा संपला.

पाऊस ओसरल्यावर परतताना करीमभाई वाटेतच भेटले. आम्हालाच शोधत होते. "अम्मा बोलावतेय," ते म्हणाले. "तुमी गेल्यापासनं मला जेवन गोड लागू देईना झालीय."

अम्मा म्हणजे करीमभाईंची आई. सत्तरीची, काटक, हातात काचेच्या बांगड्या. उंबऱ्यातच बसली होती. आम्हाला बघताच म्हणाली, "शेजारचा धोंडीबा भडभुंजा. त्याची भट्टी बाराम्हाई पेटल्याली. मधली भिंत आमच्या बाजूनं तव्यावानी तापतीया. ह्याच्या डोक्यात कसं न्हाई आलं?"

"अम्मा, ती भिंत काळी हाय. कागद डागळंल," करीमभाई म्हणाले.

"मग चुना लाव की! हात न्हाईत व्हय तुला?"

त्या दिवशी दुपारी भिंतीला चुना लागला. हौदात आधीच कुटून ठेवलेला लगदा पडला. मी आणि तात्या बाजूच्या ओट्यावर बसून राहिलो. धोंडीबानं पलीकडून गरम चुरमुरे आणि फुटाणे पाठवले. अम्मानं सूप पुढं केलं आणि जरा थांबून विचारलं, "हे चालतंय ना तुमास्नी?"

"चालतं," तात्या म्हणाले.

चौथ्या दिवशी करीमभाई हौदाशी बसले. मी इतकं एकाग्र होऊन काम करणारा माणूस फार क्वचित पाहिलाय. चाळण बुडे, वर येई, एकदा पुढं, एकदा बाजूला हले, आणि पाण्यातून कागद निघे. वीस ताव काढले. काही गरम भिंतीवर लावता लावता फाटले, काही भराभर वाळून कडेला तडकले, दोनांवर चुन्यातून काजळी उतरली. प्रत्येक ताव फुकट गेला की करीमभाई स्वतःशीच काहीतरी पुटपुटत आणि तात्या विचारत, "गेला का?" पाचव्या दिवशी सकाळी भिंतीवरून सोडवले तेव्हा चांगले निघाले दहा.

खळ लावून झाल्यावर घोटायचं काम अम्मा आणि तिच्या सुनेचं. फळीवर ताव पसरायचा आणि दगड दाबून मागंपुढं, मागंपुढं. त्या हालचालीला जात्यासारखी लय आहे. सून घोटता घोटता गुणगुणायला लागली आणि तात्या एकदम सरळ बसले.

"ही ओवी तुम्हाला कुठून?" त्यांनी विचारलं.

"कुठून म्हंजी?" अम्मा म्हणाली. "माझं माहेर पिंपरी पेंढार. आमच्याकडं दळताना समद्याच म्हनत्यात. म्याच शिकिवली हिला."

"माझी बायको पिंपळवंडीची," तात्या म्हणाले.

"अगं बाई! म्हंजी शेजारचीच की." अम्मानं दगड बाजूला ठेवला. मग काय विचारता! तात्यांनी बरोबर आणलेलं चिठोऱ्यांचं पुडकं सोडलं, मी एकेक वाचून दाखवू लागले आणि अम्मा काहींवर मान डोलवे, काहींना "ही न्हाई ऐकली" म्हणे. कुकडीची ओवी आली तेव्हा मात्र तिनं मला मधेच अडवलं.

"पोर न्हाई. ढोर. 'पल्याडल्या काठी माझ्या बंधवाचं ढोर.'"

"पोरच," तात्या ठामपणे म्हणाले. "मी स्वतः लिहून घेतलंय."

"नदीला पूर आल्याला आन् कोन आई पोराला पल्याड एकलं सोडंल? ढोरच राहतंय चराया."

"तिनं पोर म्हटलं होतं."

"नीट ऐकलं व्हतं का तुमी?"

प्रश्न अम्मानं सहज विचारला. तिला काय ठाऊक! मी तात्यांकडे बघितलं नाही. तो चिठोरा चाचपत ते म्हणाले, "तिचा आवाज खोल गेला होता. आणि माझं लक्ष... चुकलंही असेल."

अम्मानं त्यांच्याकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "न्हाई वो. तुमी म्हंता तसंबी असंल. आजारात बाईला पोरच आठवनार. ढोर कशाला आठवंल?"

तात्यांनी मान खाली घातली. शेजारी करीमभाईंच्या घरचा माठ होता. त्यांनी कुणाला न विचारता फुलपात्र बुडवलं आणि घटाघटा पाणी प्याले. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं. अम्मानं फुलपात्र पुन्हा भरून त्यांच्यापुढं ठेवलं.

निघताना करीमभाई कागदाचे नेहमीएवढेच पैसे घेणार म्हणाले, फुकट गेलेल्या तावांचे घेईनात. अम्मानं दहा ताव जुन्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले. "पोटाशी धरून ने. पावसाला बघू देऊ नको."

परतीच्या वाटेबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मेणकापडातले माझे कोरडे कपडे मी काढले आणि त्यात कागद घातला. पुण्यापर्यंत ओल्याच लुगड्यात बसले आणि घरी येऊन आठ दिवस तापानं पडले.

तात्यांनी दुसऱ्याच दिवसापासून लिहायला घेतलं. खिडकीपाशी, सकाळच्या उन्हात, जेव्हा ऊन असेल तेव्हा. अक्षर मोठं होत गेलं, ओळी तिरप्या होऊ लागल्या. कुकडीच्या ओवीखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'पाठभेद: बंधवाचं ढोर. पिंपरी पेंढार.' कचेरीच्या शिस्तीत. सतरा ओव्या झाल्या. नवरात्र संपता संपता एका सकाळी त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "ओळ सापडत नाही." शेवटच्या दोन मी लिहिल्या, त्यांच्या अक्षराला जमेल तितकं जुळवून.

दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी बोटं दाखवली, तात्यांनी बरोबर मोजली. वाचता मात्र येत नाही. माणसं दिसतात, दारं-खिडक्या दिसतात, अक्षरांचा नुसता धूर होतो. पुढंमागं जाड चष्म्यानं सुधारेल म्हणतात.

लोक मला विचारतात, जुन्नर पावसात पाहण्यासारखं आहे का? आहे. किल्ला दिसणार नाही, लेणी कदाचित पाण्यापलीकडे राहतील. पण बाजारातल्या खणात हात घालता येईल, घुमटाखाली स्वतःचा आवाज ऐकता येईल, आणि करीमभाईंच्या हौदातून कागद वर येताना बघता येईल. तोही किती वर्षं, कोण जाणे. मोहल्ल्यात पूर्वी कितीतरी हौद चालत, आता बरेच बुजवलेत असं ते सांगत होते. जायचं तर लवकर जा.

परवा रविवारी तात्यांनी पोथी माझ्यापुढं ठेवली. "वाच."

मी शाळेत वाचते तशी स्पष्ट उच्चारात वाचायला लागले. दोन ओव्या झाल्यावर ते म्हणाले, "अशी नाही, अंबू."

"मग कशी?"

"ती म्हणायची तशी."

आई गेल्यापासून मी गायले नव्हते. चाल येते की नाही, तेही ठाऊक नव्हतं. सुरुवातीला आवाज फुटेना, मग फुटला, आणि एकदा सुरू झाल्यावर पुढची ओळ कागदावर बघावीच लागली नाही. माझ्या गाण्यानं शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. तात्या उठले, चाचपडत गेले, आणि मधलं दार भिंतीपर्यंत सताड उघडून परत येऊन बसले.